गुरांच्या वाटेवरून डाउनहिल: बालाघाटच्या माळावर ट्रॅक आखून शर्यत घेतल्याचा अनुभव

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका माळावर डाउनहिल सायकलची छोटीशी शर्यत घेतली. तेव्हापासून लातूर, परभणी, जालन्याहून पोरांचे फोन येतात: दादा, परवानगी कुणाची घेतली, ट्रॅक कसा आखला, खर्च किती आला? दुकानात गिऱ्हाईक उभं असताना हे सगळं फोनवर सांगता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. यातलं निम्मं आम्ही आधी चुकलो आणि मग शिकलो. त्या चुकाही वगळलेल्या नाहीत.

माझं बीडला दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सायकलचं वेड लागलं ते पस्तिशीत. २०२२ मध्ये पुण्याकडे एका डाउनहिल शर्यतीत उतरलो आणि शेवटून दुसरा आलो. शेवटच्याचं टायर फुटलं होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: डोंगरावरून एकेकाला सोडतात, खाली वेळ घेतात, कमी वेळ लागला तो पुढे. दोन्ही बाजूंना टेप लावलेली असते आणि टेपच्या आत तुम्ही कुठूनही जाऊ शकता. हे ‘कुठून’ म्हणजेच लाइन. आदल्या दिवशी सगळेजण ट्रॅक पायी चालून बघतात. माझी शर्यत त्या चालण्यातच संपली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. मी खाली मान घालून दगड मोजत उतरलो होतो. माझ्या पुढचा पोरगा प्रत्येक वळण उतरून झालं की थांबायचा, मागे वळून वर बघायचा, पुन्हा वर चढून दुसरीकडून उतरायचा. मला वाटलं, याला फारच वेळ आहे.

परत आल्यावर सराव करावा म्हटलं, तर आपल्याकडे ट्रॅक नाही. मग आपणच करू असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि दोन मित्र ‘बरं’ म्हणाले.

जागा डोक्यात होती. मांजरसुंब्याच्या पुढे माझं आजोळ आहे. गावाच्या मागेच बालाघाटचा उतार, वर सपाट पठार, खाली आईच्या चुलतभावाची, म्हणजे तात्यामामांची सीताफळाची बाग. २२ सप्टेंबर २०२४ ला रविवारी तिघं जण वरून खाली चालत आलो. मोबाइलवर उंचीचा फरक १५० मीटर दाखवला. खूश होऊन तिथेच चहा मागवला. चहा घेऊन आलेल्या गुराख्याने विचारलं, “त्या बुरजाच्या वर कामून गेला होतात? ते फॉरेस्टचं हाय.”

वन विभागाच्या हद्दीवर दगड रचून बुरूज केलेले असतात. आम्ही त्यांच्यामधून गेलो होतो आणि एकालाही ते दिसले नव्हते. म्हणून पहिली सूचना: सायकल नंतर काढा, आधी सातबारा काढा. ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. गट नकाशा घ्या आणि तलाठ्याला एकदा प्रत्यक्ष विचारा. राखीव वनात टिकाव मारणं हा गुन्हा आहे, तिथे ‘थोडंसंच’ चालत नाही. आमचा स्टार्ट बुरजाच्या खाली आला, ४० मीटर उंची गेली. उरली ११० मीटर, आणि वळणं धरून साधारण ९०० मीटरचा ट्रॅक. आंतरराष्ट्रीय नियमांत डाउनहिलचा एक रन दोन ते पाच मिनिटांचा अपेक्षित असतो. आमचा जेमतेम दोनच्या आसपास बसणार होता. असू दे म्हटलं.

उरलेल्या उतारात वरचा भाग तात्यामामांचा पडीक गट आणि खालचा गायरान. मामांकडे विषय काढला तेव्हा ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सायकलचं मला काय कळत न्हाई. पर तुझी ती वाट पाणी घिऊन माझ्या तालीवर आली, तर तुझी सायकल हिरीत टाकीन. पाऊस लागला की ये, मग दावतो.” (ताल म्हणजे शेताचा बांध.)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतीचा पाऊस लागला. मामांचा फोन आला, दुकान बंद करून गेलो. डोक्यावर पोतं घेऊन दोघं माळावर उभे. मी मोबाइलवर जी रेघ मारली होती ती जवळजवळ नाकासमोर खाली जात होती, आणि नेमकी तिथूनच लाल पाण्याची धार चालली होती, मुरूम खरवडत. बाजूला गुरांच्या जुन्या वाटा होत्या. त्या उताराला आडव्या तिरक्या जात होत्या. पाणी त्यांच्यावर यायचं, आडवं ओलांडायचं आणि पुढे जायचं. वाट जशीच्या तशी. मामा काही बोलले नाहीत, बोलायची गरजच नव्हती.

ट्रेल बांधणारे लोक एक साधा आडाखा वापरतात, तो मला नंतर वाचायला मिळाला: डोंगराच्या अंगाचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नको. अंगाला ३० टक्के उतार असेल, तर वाट १५ टक्क्यांच्या आत. शिवाय वाटेचा खालचा काठ किंचित बाहेर झुकता, पाचेक टक्के, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता बाजूला पडतं. गुरांनी हे पुस्तक न वाचताच पाळलेलं होतं. पण हे सगळं पाळलं तर ती फिरायची वाट होते, डाउनहिल होत नाही. सरळ खाली पडणारा तुकडा हवाच, त्याशिवाय पोटात गोळा येत नाही. आम्ही काढलेला मार्ग असा: मुरूम असेल तिथे तिरकं जायचं, आणि सरळ खाली फक्त उघड्या कातळावरून. बेसाल्टच्या कातळावरून पाणी गेलं तरी खरवडायला काही नसतं. त्या दिवशी पावसात भिजत आम्ही कातळाचे चार तुकडे हेरले आणि बाकी ट्रॅक त्यांना जोडत आखला. मोबाइलवरची रेघ पुसून टाकली.

दुसरं लफडं चरांचं. पाणलोटाच्या कामात खणलेले सलग समतल चर आपल्याकडच्या माळांवर सगळीकडे दिसतात. उताराला आडवा चर खणतात आणि निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकतात. पाणी अडवायला उत्तम. सायकलने वरून येणाऱ्याला मात्र आधी खड्डा आणि लगेच पुढे उंचवटा, म्हणजे पुढचं चाक आत जाणार आणि समोर आदळणार. आमच्या ट्रॅकवर असे सात चर आले. बुजवायचा प्रश्नच नव्हता, ते पाणी खाली मामांच्याच विहिरीला लागतं. शेवटी पाच चरांवर सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या टाकल्या. चालताना दोन फूट रुंदीची फळी ऐसपैस वाटते, सायकलवरून तीच आगगाडीच्या रुळाएवढी दिसते, त्यामुळे तीन फूट केल्या. फळीवर कोंबड्यांची जाळी ठोकली तर टायर घसरत नाही. ही युक्ती फुकटातली आहे, विसरू नका. उरलेले दोन चर गाळाने भरून उथळ झाले होते. तिथे पर्याय ठेवला: बाजूने वळसा घालून उथळ जागेतून जा, किंवा सरळ येऊन बांधावरून सायकल उचला.

आता कागदपत्रं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. १७ ला मी गायरानासाठी अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो तर खुर्चीवरच्या माणसाने अर्ज हातातही घेतला नाही. “निवडणूक झाल्यावर या.” २६ नोव्हेंबरला पुन्हा गेलो. आता उत्तर आलं की गायरानाचा विषय ग्रामसभेत जाईल आणि पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. म्हणजे दोन महिने. भांडावंसं वाटलं, पण खरं तर बरोबरच होतं त्यांचं, गायरान गावाचं आहे. एकच गोष्ट मी या वेळी नीट केली: अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. शिक्का होता, शाई नव्हती, शेजारच्या किराणा दुकानातून शाईची बाटली आणली. हसू नका, ती प्रत पुढे तीनदा कामाला आली.

दरम्यान मामांच्या गटात काम सुरू करायला हरकत नव्हती. ४ डिसेंबरला संमतीपत्र केलं. ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, किमान ५०० चा घ्यावा लागतो, हे मला नोटरीच्या टेबलावरच कळलं. संमतीपत्रात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या: पक्कं बांधकाम नाही, चर बुजवायचे नाहीत, शर्यतीनंतर टेप आणि फळ्या काढून न्यायच्या. चौथी मामांनी तोंडी घातली, सीताफळाला हात लावायचा नाही.

८ डिसेंबरला टिकाव पडला. माणसं मिळेनात. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. गावातले दोन आजोबा ५०० रुपये रोजाने नऊ दिवस आले, आणि त्यांनी पहार ज्या नेमाने चालवली ते बघून आम्ही तिघं लाजलो. जेसीबी मुद्दाम आणला नाही. जेसीबीने पाच फूट रुंदीचा सपाट रस्ता होतो आणि लाइन निवडायला काही उरतच नाही. जे दगड काढले नसते तर कुणीतरी मेलं असतं, तेवढेच काढले.

बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो, आपल्या माळावर खरा शत्रू दगड नाही, सराटा आहे. त्याखालोखाल बाभळीचा काटा. पहिल्या रविवारी तिघांच्या मिळून पाच ट्यूबा गेल्या. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव घाला, नाहीतर पंपच मारत बसाल. कुसळी गवत मोज्यात शिरतं ते वेगळंच, घरी आल्यावर बायको दारातच मोजे काढायला लावते.

आता हिवराच्या वळणाचं सांगतो. ट्रॅकच्या मध्यावर एक जुनं हिवराचं झाड आहे. त्याला उजवीकडे घालून वळायचं आणि पुढे ७० मीटर जवळजवळ सपाट पट्टा. वळणावर मुरूम कडक आणि त्यावर बारीक खडे पसरलेले, छर्ऱ्यावर चालल्यासारखं. २९ डिसेंबरला मी पहिल्यांदा वरपासून एका दमात उतरलो. आतली लाइन जवळची म्हणून हिवराला घासून आत शिरलो, वेग जास्त वाटला, वळणाच्या मधेच ब्रेक दाबला. पुढचं चाक निसटलं आणि हात जमिनीवर टेकला. सायकलला काही झालं नाही, हे मी सगळ्यात आधी बघितलं.

बीडला एक्स-रे काढला, काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखतंय, तिथलं छोटं हाड पहिल्या एक्स-रेत कधी कधी फसवतं, पट्टी बांधा आणि बारा दिवसांनी पुन्हा या. १० जानेवारीच्या एक्स-रेत तडा दिसला. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे स्वतःच्याच शर्यतीत मी नाही. हातावर पडून मनगट दुखत असेल आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ असेल, तर तेवढ्यावर सोडून देऊ नका.

दोन रात्री खूप वाईट वाटलं. मित्राने समजूत घालायला आठवण करून दिली की २००८ मध्ये इटलीतल्या व्हाल दी सोलेला डाउनहिलच्या जागतिक अजिंक्यपदात ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटाजवळच्या एका सपाट वळणावर घसरला. मी म्हटलं, तो उठून तिसरा आला होता, मी उठून हाडाच्या डॉक्टरकडे गेलो.

प्लास्टरमुळे एक मात्र झालं. चालवता येईना म्हणून मी चालायला लागलो. जानेवारीतले तीन रविवार हिवराखाली बसून काढले आणि दोघा मित्रांना पुन्हा पुन्हा उतरवलं. दोरी घेऊन वळणाची त्रिज्या मोजली: आतल्या लाइनची ४ मीटर, बाहेरच्या लाइनची ९. टायरची पकड तीच धरली तर वळणात पेलणारा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४ आणि ९ मध्ये दीडपट. सैल मुरमावरची पकड वजनाच्या निम्मी धरून हिशेब केला तर आत ताशी १६ किलोमीटर, बाहेर २४. कागदावर हे दहावीच्या पोरालाही जमेल. मला ते पटलं घड्याळाने. हिवराच्या बुंध्याशी आतून येणारा ०.३ सेकंदाने पुढे असायचा. सपाट पट्टा संपेपर्यंत बाहेरून येणारा ०.९ सेकंदाने पुढे जायचा, कारण तो वळणातून वेग घेऊनच बाहेर पडायचा आणि आतला पुन्हा शून्यातून पॅडल मारायचा. वळण जिथे संपलंसं वाटतं तिथे ते संपलेलं नसतं, पुढच्या सपाटीपर्यंत चाललेलं असतं. ज्याला सराव करायचा आहे त्याने घड्याळ वळणावर थांबवू नये, पुढच्या वळणाच्या तोंडाशी थांबवावं.

पण आखणाऱ्याची अडचण यातूनच सुरू होते. बाहेरची लाइन नेहमीच वेगवान असेल तर दुसऱ्या रनला सगळे बाहेरूनच येणार. संध्याकाळपर्यंत तिथे चाकोरी पडणार, आणि चाकोरी पडली की निवड संपली. माझं स्वतःचं मत असं की ज्या वळणावर दहापैकी दहा जण एकाच रेघेवरून जातात ते वळण आखणाऱ्याचं अपयश आहे, मग ते दिसायला कितीही भारी असो. म्हणून बाहेर पडण्याच्या जागी टेप सरकवली. बाहेरून येणाऱ्याला शेवटी थोडं चढावं लागेल असं केलं. फार सरकवली, तर आतली वेगवान झाली. पुन्हा मागे घेतली. तिसऱ्या रविवारी दोन्हींत ०.२ सेकंदांच्या आत फरक राहिला: आत घसरायची भीती जास्त, बाहेर वेग जास्त आणि दोन दगडही. ज्याने त्याने आपल्या जिवाप्रमाणे ठरवावं. मला वाटलं, जमलं. ते किती जमलं होतं ते पुढे येईलच.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा. दीड तास पिण्याच्या पाण्यावर गेला, घरकुलांवर अर्धा तास. आमचा विषय आला तेव्हा माणसं उठायला लागली होती. प्रश्न नेमके होते. “कुणी मेलं बिलं तर?” “त्या दिवशी गुरं कुठं न्यायची?” “बाटल्या, पुड्या कोण उचलणार?” एका आजीने विचारलं, “उतरायचंच हाय तर वर कशाला चढता?” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ठराव झाला: दोन दिवस, गायरानावर खोदकाम नाही, कचरा उचलायचा, ग्रामपंचायतीची ५०० ची पावती फाडायची. गुरांसाठी दोन दिवस सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर माळ मोकळा ठेवायचा. शर्यतीची वेळ त्यावरून ठरली. ठरावाची प्रत हातात यायला चार दिवस लागले.

३१ तारखेला पोलीस ठाण्यात अर्ज दिला. जोडलेले कागद: ठरावाची प्रत, मामांचं संमतीपत्र, स्वयंसेवकांची नावं आणि फोन, रुग्णवाहिकेच्या मालकाचं पत्र, ट्रॅकचा हाताने काढलेला नकाशा. तीन खेपा झाल्या आणि १२ फेब्रुवारीला, म्हणजे शर्यतीच्या चार दिवस आधी, पत्र मिळालं. तोपर्यंत रात्री झोप नव्हती, कारण २३ जणांची ३०० रुपये फी आलेली होती. पुढच्या वेळी मी पत्र हातात आल्याशिवाय फी घेणार नाही. रुग्णवाहिकेबद्दल: १०८ आपत्कालासाठी असते, आपल्या हौसेसाठी ती दिवसभर अडवणं बरोबर नाही. आम्ही खासगी गाडी ४,००० रुपयांत ठरवली आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तारीख सांगून ठेवली.

टेपचे खांब म्हणून आधी बांबू आणले होते. मग लक्षात आलं, कुणी त्यावर पडलं तर बांबू पोटात जाईल. मामींनी तुराट्यांचा भारा काढून दिला. फेब्रुवारीत त्या वाळून खडखडीत झालेल्या असतात, धक्का लागला की कडकन मोडतात. टोकाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. झाडांच्या बुंध्यांना सोयाबीनचा भुसा भरलेल्या गोण्या बांधल्या. फक्त कातळावर तुराटी रोवता येईना, तिथे टेप वर तीन मीटरवरच्या बाभळीला बांधून टाकली. काय फरक पडतो म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी नऊला सगळ्यांना घेऊन ट्रॅक चाललो, मग सराव. नियम थोडेच: चेहरा झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्याला पॅड सक्तीचे. टेपबाहेर गेलात तर जिथून गेलात तिथूनच परत आत या. पिवळी झेंडी दिसली तर हळू, लाल दिसली तर थांबा. मार्शल, म्हणजे झेंडी घेऊन ट्रॅकवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक, अशा जागी उभे करा की प्रत्येकाला पुढचा आणि मागचा मार्शल दिसेल. कागदावर मला सात पुरतील असं वाटलं होतं, माळावर अकरा लागले. शेळ्यांची वाट जिथे ट्रॅक ओलांडते तिथे लाल झेंडी घेऊन मामी उभ्या होत्या. सरावात त्यांनी एका पुणेकराला दोन करडांसाठी थांबवलं आणि तो काही बोलायच्या आत म्हणाल्या, “लेकरं हायत, थांब की.”

आलेल्यांपैकी एकाकडेही खरी डाउनहिलची सायकल नव्हती. तिला पुढे २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन असतं, इथे बहुतेकांकडे १०० चं फोर्क आणि मागे नुसती सळई. म्हणून दोन फुटांच्या वर कुठेही ड्रॉप, म्हणजे सायकलसकट खाली उडी घ्यायची पायरी, ठेवला नव्हता. आजूबाजूच्या गावांतली चार पोरं जुन्या सायकली घेऊन आली होती. गिअर अडकतात म्हणून तोंड पाडून बसली, तेव्हा त्यांना २०१५ ची ऑस्ट्रियातल्या लिओगँगची गोष्ट सांगितली: अ‍ॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि बिनचेनचा उतरून तो विश्वचषकाची ती फेरी जिंकला. विश्वास बसला नाही. मोबाइलला रेंज नव्हती, नाहीतर व्हिडिओ दाखवला असता.

रविवारी दहाला पहिला सुटला. वेळ घ्यायला यंत्र नव्हतं. वर आणि खाली दोन मोबाइल, दोन्हींचं घड्याळ आपोआप वेळेवर ठेवून सकाळी शेजारी धरून तपासलं, आणि बरोबर दोन-दोन मिनिटांनी एकेकाला सोडलं. खाली दोघांनी वेगवेगळी वेळ लिहायची आणि सरासरी काढायची. यात अर्ध्या सेकंदाची चूक राहते, म्हणून आम्ही निकाल अर्ध्या सेकंदातच जाहीर केला आणि बरोबरी आली तर बरोबरीच ठेवली. खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा हे बरं.

मी हिवरापाशी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून बसलो होतो. पहिले चौदा जण माझ्या मनासारखे आले, कुणी आतून, कुणी बाहेरून. पंधरावा आला तो शेजारच्या गावातला अकरावीचा पोरगा, गिअर अडकणाऱ्यांपैकी एक. तो हिवराकडे आलाच नाही. वरच्या कातळावर डावीकडे चढला, जिथे टेप मी बाभळीला बांधली होती. कातळाच्या कडेने उंची न सोडता हिवराच्या पलीकडे गेला आणि दोन फूट उडी टाकून थेट सपाट पट्ट्यावर उतरला. ब्रेक नाही, वळणही नाही. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. तीन रविवार मी ज्या ०.२ सेकंदांसाठी घालवले होते, त्याच्या वरून तो निघून गेला होता.

खाली ओरडा सुरू झाला. शॉर्टकट मारला, बाद करा. दोघं जण फी परत मागायला लागले. मी चालत खाली जाईपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि त्यात माझं उत्तर तयार झालं: तो टेपच्या आत होता का? होता. कातळ टेपच्या आत कुणी घेतला? मी. मग ती लाइन आहे. काही जणांना ते पटलं नाही, एक जण जेवायलाही थांबला नाही. त्याचं म्हणणं असं की आदल्या दिवशी ट्रॅक दाखवताना मी ती जागा दाखवलीच नव्हती. हे खरं आहे. दाखवली नाही, कारण मला दिसलीच नव्हती. पोराला विचारलं, तुला कशी दिसली? म्हणाला, “आमची शेरडं तिथूनच उतरतेत.”

तो तिसरा आला, १ मिनिट ५८ सेकंद. पहिला १:५३.५, बीडचाच, हिवराला बाहेरून आलेला. दुखापत एकच झाली, कोपराला तीन टाके, तेही शर्यत संपल्यावर चहाला येताना चरात पाय गेला म्हणून. जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा.

खर्च मोकळेपणाने सांगतो. मजुरी ९,०००, रुग्णवाहिका ४,०००, जेवण-चहा ३,९००, फळ्या आणि जाळी २,४००, टेप १,८००, स्टॅम्प, नोटरी, पावती, झेरॉक्स मिळून १,६५०. एकूण २२,७५०. फी आली ६,९००, त्यातली ६०० परत केली. बाकीचा तोटा आम्ही तिघांनी वाटून घेतला. माझ्या हाताचा खर्च यात धरलेला नाही. कुणी प्रायोजक देतो म्हणालं तर आधी पैसे घ्या, मग फ्लेक्स छापा. एवढंच म्हणतो.

सोमवारी टेप गोळा करायला गेलो तर गावातल्या पोरांनी ती आधीच सोडवून गुंडाळून ठेवली होती. दोन गुंडाळ्या कमी निघाल्या. मामांच्या गोठ्यात वासराला बांधायला एक दिसली, दुसरीचा पत्ता नाही. फळ्या काढल्या, चर मोकळे केले. प्लास्टर २१ तारखेला निघालं.

२०२५ ला मे महिन्यातच पाऊस कोसळला. २५-२६ तारखेच्या सुमारास सकाळी सातला मामांचा फोन.

“तुझ्या त्या हिवराच्या वळणावर पाणी थांबलंय. आतल्या अंगाला नाळ पडायलीय.”

“तालीपर्यंत आलं का, मामा?”

“आलं न्हाई अजून. पर फावडं घिऊन ये. आन् त्या कातळावर चढणाऱ्या पोराला पण घिऊन ये.”